घशाच्या तळातली दोन अक्षरं

बा, ता, जा. पहिले तीन दिवस केरो मास्तरला वाटलं, शिकवण्यात काही अवघड नाही. मातीच्या दोन खोल्या, वर पत्रा, आत त्रेचाळीस पोरं. तो फळ्यावर अक्षर काढायचा आणि पोरं अशी ओरडायची, की पलीकडच्या वावरात पाखरं राखणाऱ्या बाया गोफण हातात धरून ऐकत उभ्या राहायच्या.

चौथ्या दिवशी फुली आली.

फुलीचं अक्षर काढायला सगळ्यात सोपं. एकमेकींना छेद देणाऱ्या दोन तिरक्या रेघा, झालं. पण उच्चार? तो ह आहे आणि ह नाही. छातीतून आलेला वारा घशाच्या पार तळाशी चेपून, घासून बाहेर सोडायचा. मास्तरने सोडून दाखवला. पोरांनी मान डोलावली आणि एका सुरात साधा सरळ ह म्हटला.

"ह नाही. नीट ऐका."

पोरांनी नीट ऐकलं. पुन्हा ह.

पुढं अकरावं अक्षर चंद्रकोरीसारखं होतं. ते तर त्याहून कठीण. आ म्हणता म्हणता घसा आवळायचा, गिळताना घास अडकल्यासारखा. पोरांनी तो आवाज ऐकला, एकमेकांकडे बघितलं आणि हसून लोळायची बाकी राहिली. कुणीतरी मागून म्हणालं, "मास्तरला उलटी येतीय!"

केरोला राग आला नाही. त्याला कारण ठाऊक होतं. बैदोआ शहराच्या भोवतालच्या ह्या लाल मातीत, ज्वारीच्या मुलखात, हे दोन आवाज कुणाच्याच तोंडात नव्हते. रेडिओवर होते, राजधानीत होते, उत्तरेकडच्या उंटवाल्यांच्या बोलण्यात होते. इथला माणूस फुलीच्या जागी ह म्हणतो आणि चंद्रकोर सरळ गिळून टाकतो. शिक्षकाला देशात जो शब्द आहे त्याच्या पोटातच चंद्रकोर आहे. ती गिळली की उरतं 'मालिन', आणि उत्तरेकडच्या माणसाच्या कानाला मालिन म्हणजे दिवस. बूर तूलो या त्याच्या गावात आबालवृद्ध केरोला दिवसच म्हणत होते, आणि ते त्याच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

त्याला तरी आधी कुठं माहीत होतं? राजधानीत सहा महिन्यांच्या शिक्षक-वर्गाला गेला, तेव्हा पहिल्याच दिवशी उभं राहून त्याने सांगितलं होतं, "मी दिवस होणार आहे." ऐंशी जणांचा वर्ग हसला होता. त्यानंतर खोलीतल्या एका उत्तरेकडच्या सोबत्याने रोज त्याचा घसा घासून घेतला. म्हणायचा, "घशात माशाचा काटा अडकलाय समज आणि बोल." केरोने बूर तूलोत जन्मात मासा खाल्ला नव्हता. तरी जमलं. परगावी जाताना चपला घालाव्यात तसे तो ते आवाज घालायचा, आणि आईपुढे बसला की काढून ठेवायचा. घाईत, रागात, रडताना मात्र चपला पायातून निसटायच्या.

लिपी आल्याला ते दुसरं वर्ष होतं. आपली भाषा आता आपल्याच अक्षरांत, असं सगळीकडे म्हणत होते, आणि केरोचा त्यावर मनापासून विश्वास होता. एवढंच, की आईच्या बोलीतला ङ आणि मांजराला हाक मारतानाचा ञ यांना त्या अक्षरांत जागा नव्हती. ते विचारलं कुणी? विचारलं एकीनेच.

"मास्तर, ञ कुटं ठेवला?" हबीबोने विचारलं.

हबीबो नऊ वर्षांची. तिची आई ओव्लियो गावातला तिळाच्या तेलाचा घाणा चालवायची. नवरा वारला, घाणा राहिला, उंट राहिला आणि ही पोर राहिली. हबीबो पहाटे उंटामागं चालायची, मग तेलाच्या वासासकट शाळेत यायची. तीन आठवड्यांत तिने सगळी अक्षरं गिळली. घाण्याच्या भिंतीवर कोळशाने तिने उंटाचं, आईचं, शेजारणींचं, त्यांच्या शेळ्यांचं नाव लिहून काढलं. आणि तोंड तर असं चालायचं, की ओव्लियो म्हणायची, "उंट दमतो, माझी पोर न्हाई दमत."

"ञ अजून छापला नाही," केरो म्हणाला.

"मग छापतील तवा सांगा. मी जागा ठिवते," असं म्हणून हबीबोने वहीत खरोखर एक घर मोकळं सोडलं.

ज्वारी कापायला आली तेव्हा तालुक्याहून कागद आला. ज्वारी पेवात गेल्यावर तपासनीस येतील, दोन मुलं निवडतील, आणि ती बैदोआच्या वसतिशाळेत आठवीपर्यंत शिकतील. जेवण, कपडे, पुस्तकं सरकारची. केरोने कागद दोनदा वाचला आणि सरळ घाण्यावर गेला.

ओव्लियो पेंड काढत होती. ऐकून घेतलं, हात पुसले.

"उंटामागं कोन चालंल, मास्तर?"

"आत्या, उंटामागं चालायला मी येईन. पन ही पोर पुढं गेली पायजे. दाई होईल, मास्तरीन होईल."

ओव्लियो पोरीकडे वळली. "व्हय म्हन गं," ती म्हणाली, "न्हाईतर जल्मभर माज्यावानी गोल गोल फिरशील."

आणि केरोने तयारी सुरू केली. पोर वाचते सुंदर, लिहिते त्याहून सुंदर, अडतं ते फक्त दोन आवाजांशी. तेवढे जमले की झालं, असं त्याला वाटलं. त्यातली फुली तर तिच्या नावाचंच पहिलं अक्षर होती. पुस्तकाप्रमाणे तिला स्वतःचं नावही नीट म्हणता येत नव्हतं.

शाळा सुटल्यावर दोघं फळ्यासमोर बसायची. तो तिचं बोट आपल्या गळ्यावर ठेवायचा, "इथं हलतंय बघ," मग तिचं बोट तिच्या गळ्यावर. ती डोळे मिटून जोर लावायची. खोकला यायचा. डोळ्यांत पाणी यायचं. पुन्हा.

तो तिला घेऊन शेख अलियोकडेही गेला. म्हातारा बाभळीखाली पोरांकडून कुराण पाठ करून घ्यायचा. अरबीतही हे दोन्ही आवाज आहेत, तिथून धरता येतील, असं केरोच्या मनात. शेखने प्रार्थनेची पहिली ओळ म्हणून दाखवली. फुलीच्या जागी स्वच्छ, साधा ह.

"आबा, तो ह असा न्हाई," केरो चाचरत म्हणाला.

शेखने पापण्या वर केल्या. "पन्नास वरसं असाच म्हनतोय, लेका. अल्लाला कळतं. तुज्या हापिसाला कळंना व्हय?"

पोरं खिदळली. केरो खाली मान घालून परतला. आणि त्या दिवशी, हसण्याने दुखावल्यामुळे म्हणा, दिवस थोडे उरले म्हणून म्हणा, त्याने एक नियम केला. आता शाळेतच नाही, घरी, वाटेवर, तळ्यावर, जिथं बोलशील तिथं नीट बोलायचं. शब्द चुकला की थांबायचं आणि वाक्य पहिल्यापासून.

"आईशी पन?"

"आईशी पन."

हबीबोने नियम पाळला. तीच तर अडचण झाली. दुसरं पोर असतं तर मास्तरची पाठ फिरताच विसरलं असतं. ही तळ्यावर घागर भरताना अडायची, मागं जायची, पुन्हा अडायची. बायांची रांग खोळंबायची. पोरं तिला 'उलटी' म्हणू लागली. एकदा तिने आईकडे दूध मागितलं, तर घशातून असा आवाज निघाला की ओव्लियो धावत आली आणि पोरीच्या पाठीत धपाटे घालू लागली, काही अडकलं म्हणून.

हळूहळू ती शब्द निवडू लागली. ज्यांत फुली नाही, चंद्रकोर नाही, असेच शब्द. दूध नको, पाणी चालेल. विहीर नको, तळं चालेल. केरोला हे लक्षात आलं तेव्हा कौतुकच वाटलं, केवढी हुशार पोर! मग शब्द आणखी कमी झाले. मग ती नुसती मान हलवू लागली. प्रश्न विचारला की उठून फळ्यावर उत्तर लिहायची. अक्षर कसं, मोत्यासारखं. केरो म्हणायचा, शाब्बास.

एका दुपारी ओव्लियो शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"मास्तर, सा दिस झाले. घरात माजी पोर बोलली न्हाई."

"काय म्हनता?"

"उंटाला हाकत न्हाई, त्याला काठी लावती. रातीला झोपंत बडबडायची, ती बी बंद. तोंड उघडती आन मिटती." ओव्लियोचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. "तिचा बाप गेला तवा बी बोलत व्हती ओ ती. तुमी काय केलंत?"

हबीबोला बाहेर बोलावून केरो तिच्यासमोर उकिडवा बसला. आईच्या बोलीत, चपला काढून, म्हणाला, "पोरी, नियम संपला. मी मोडला. कसं बी बोल. चुकीचं बोल. मला शिव्या दे."

तिने ऐकलं. ओठ विलग झाले. गळ्यावरची शीर हलली, तो शिकवायचा नेमकी त्याच जागी. आवाज आला नाही. तिने पुन्हा केलं, पुन्हा, मग त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आता काय करू असं विचारल्यासारखी. मास्तरला सगळं येतं असं तिला अजून वाटत होतं.

त्याने काय केलं नाही? गोष्टी सांगितल्या. पोरांना दम दिला, कुणी उलटी म्हटलं तर चामडी लोळवीन. तुपात परतलेले कॉफीचे दाणे शेखकडून मंतरून आणले. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या माणसाने घशात बत्ती मारून बघितलं आणि सांगितलं, घसा ठणठणीत आहे, पोर हट्टी आहे. परतीच्या वाटेवर ट्रकच्या टपावर हबीबो त्याच्याशेजारी बसली होती आणि वाऱ्याने तिची ओढणी उडत होती. त्याला वाटलं, ही आत्ता ओरडली, ओढणी धरा म्हणाली, तर मी जन्मभर काही मागणार नाही. तिने ओढणी दातांत धरली.

पेवं भरली, वर माती चोपली, आणि तपासनीस आला. नाव सुगुले. उत्तरेकडचा, उंच, पोटाच्या दुखण्याने पिवळा पडलेला. वाईट माणूस नव्हता. आल्याआल्या पोरांना खाली बसवलं, स्वतः मोडक्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "चार दिवसांत अकरा शाळा. माझं हाडन् हाड खिळखिळं झालंय. जरा हसवा मला."

पोरं एका सुरात ओरडली, "आमच्या दिवसानं शिकवलंय आमाला!"

सुगुलेने केरोकडे पाहिलं, मिशीत हसला. "दिवस का? नमस्कार, दिवसमहाराज."

केरोही हसला. हसावंच लागलं.

सुगुलेने पुढच्या रांगेतल्या एका पोराला विचारलं, "सकाळी काय प्यायलास रे?"

पोरगं छाती काढून म्हणालं, "आनो." दूध म्हणायचं होतं त्याला. पण चंद्रकोर गळाली की दुधाचा, तपासनीसाच्या कानात, सूड होतो.

"सूड प्यायलास? सकाळी सकाळी?" सुगुलेने कपाळाला हात लावला. "साखर घालून की बिनसाखरेचा?" आणि तो पोट धरून हसला. पोरंही हसली. का हसतोय हे त्यांना कळलं नाही, पण पाहुणा खूश झाला एवढं कळलं.

मग केरो म्हणाला, "साहेब, एक मुलगी आहे. आधी तिचं लेखन बघावं."

हबीबो उठली. सुगुलेने मजकूर सांगितला. आधी सोपा, मग मुद्दाम अवघड, एकाच वाक्यात चार फुल्या आणि तीन चंद्रकोरी. ज्या मुलखात कुणाच्याही तोंडून तो फरक ऐकू येत नाही, तिथल्या पोरीने एकही अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. खडू थांबला तेव्हा सुगुले खुर्चीतून उठला होता.

"मास्तर," तो हलक्या आवाजात म्हणाला, "अकरा शाळांत असं नाही पाहिलं. कान आहेत हिला. कान!" मग हबीबोकडे वळून, फार मायेने, "आता वाच बेटा."

हबीबोने फळ्याकडे तोंड केलं. खांदे वर झाले. खोलीत पत्रा तापल्याचा कडकड आवाज येत होता, बाकी काही नाही.

"लाजू नकोस. नुसतं नाव सांग तुझं. तेवढं पुरे."

पोरांपैकी कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतून एका मुलीने हळूच "हबीबो" म्हटलं, तिच्या वतीने. सुगुलेने हात वर करून तिला थांबवलं, आणि थांबला. खूप वेळ थांबला, हे मान्य करायला हवं. हबीबोच्या हातातला खडू मोडून दोन तुकडे झाला, तेव्हा त्याने श्वास सोडला.

"मुकी आहे का?"

"न्हाई!" केरो ओरडला. "ती मुकी न्हाई, सायेब! माज्यापायी... मीच तिला, ते दोन आवाज काडाया लावले, घरी बी, आईसंगं बी... मी मास्तर हाय, मला कळाया पायजे व्हतं..."

तो थांबला. त्याला स्वतःलाच ऐकू आलं होतं. एकही फुली, एकही चंद्रकोर जागेवर नव्हती. आणि त्या वाक्यात त्याने पुन्हा स्वतःला दिवस म्हटलं होतं.

सुगुले हसला नाही. त्याने नजर खाली घेतली आणि वहीतला छापील तक्ता उघडला. "इकडे या, साथी. बघा. मोठ्याने वाचते, हो किंवा नाही. तिसरा रकाना नाही. लिहिते कशी, याला रकानाच नाही. मी काय करू, सांगा."

"तुमी खाली लिवा की. समासात."

"समास कोण वाचतं?" सुगुले म्हणाला. तरी त्याने पेन उघडून समासात दोन ओळी लिहिल्या. त्या कुणी वाचल्या नाहीत.

निवडले गेले पोलीस चौकीतल्या हवालदाराचे दोघे मुलगे. दोन महिन्यांपूर्वी बाप उत्तरेकडून बदलून आला, आणि आवाज पोरांच्या तोंडात आधीपासूनच होते. एकाला अजून कुठलं अक्षर डावीकडे वळतं आणि कुठलं उजवीकडे, हेही कळत नव्हतं. पण तक्त्यात हो आलं. हबीबोने जागेवर जाऊन पाटी पुसली आणि घंटा होईपर्यंत ती मांडीवर घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही, पुढंही आली नाही.

महिन्याभराने केरोच्या नावे हुकूम आला. उच्चारशुद्धीच्या तीन महिन्यांच्या वर्गासाठी राजधानीत हजर व्हावं. निघण्याआधी तो घाण्यावर गेला. ओव्लियोने पाणी दिलं, बस म्हणाली. पण हबीबो त्याला पाहून उंटाच्या पलीकडच्या बाजूला गेली, आणि उंट फिरेल तशी फिरत राहिली, त्यामुळे तो असेपर्यंत ती दिसलीच नाही.

राजधानीत त्याने घसा असा घोटला, की तिथल्या गुरुजींनी त्याला पुढं उभं करून इतरांना ऐकवलं. आता रागात, घाईत, झोपेतही चपला निसटत नव्हत्या. परतला तेव्हा आईने दारातच त्याला दोनदा बोलायला लावलं.

"रेडिओवानी वाटतंय," ती म्हणाली. "आपलं बोल की."

त्याने आपलं बोलायचा प्रयत्न केला. जमलं, पण थोडा विचार करून.

शुक्रवारी बाजार भरला होता. तिळाचा हंगाम, तेलाच्या डब्यांची रांग. केरो आईची बाटली घेऊन निघाला आणि मिठाच्या ढिगापाशी थबकला. मागून आवाज येत होता. भांडत होता, हसत होता, एका शेळीवालीची नक्कल करत होता, तिच्या सात पिढ्या काढत होता. ह साधा होता, चंद्रकोरी सगळ्या गिळलेल्या होत्या. केरोच्या डोळ्यांना धार लागली. बाया वाट काढून त्याच्याकडे बघत पुढं गेल्या.

तो वळला. हबीबो डब्यामागं मांडी घालून बसली होती, हाताला कोपरापर्यंत तेल.

"हबीबो!" तो म्हणाला. त्याने नीट, साध्या ह ने म्हटलं. निदान त्याला तसं वाटलं.

तिचं तोंड उघडं होतं, ते मिटलं. चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. मोठ्या माणसासमोर पदर सावरावा तशी ती गप्प झाली. ओव्लियो मागून धडपडत उठली. "बोल की गं. मास्तर हायेत. आत्तापातूर सारखी बोलती ओ मास्तर, गावभर बोलती..." आणि मग तिचाही आवाज मध्येच थांबला, कारण पोरीच्या गळ्यावरची शीर हलू लागली होती.

"राहू द्या, आत्या," केरो घाईने म्हणाला. "राहू द्या."

त्याने बाटली पुढं केली. हबीबोने ती घेतली, नरसाळं लावलं, काठोकाठ भरली, बूच घट्ट बसवलं आणि फडक्याने बाहेरून पुसून दिली. जरा जास्तच पुसली. त्याने दोन्ही हातांनी घेतली. अजून काही म्हणावं म्हणून तो उभा राहिला, पण पाठीमागची बाई म्हणाली, "सरका की मास्तर, आमाला बी तेल न्यायचंय." तो सरकला.